बाईंचा नवा विद्यार्थी

माझा स्वभाव संशयी आहे. तळोज्याच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली आणि तिथे मला संशय घेण्याचाच पगार मिळत होता. पिंपावर जे लिहिलंय तेच पिंपात आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझं काम. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. दुधाची पिशवी, लिफ्टचा आवाज, ‘सर, दोन मिनिटं बोलू शकते का’ असं फोनवर गोड विचारणारी मुलगी, या सगळ्यांकडे मी एकाच नजरेने बघतो. त्यामुळे समोरच्या घरात बोलणारं यंत्र आलं, तेव्हा मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर डोळा ठेवून होतो.

समोरच्या घरात बाई राहायच्या. बाई म्हणजे शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाई. जुन्या पनवेलमध्ये, तलावापासून हाकेच्या अंतरावर आमची इमारत आहे. मजल्यावर दोनच दारं, एक त्यांचं आणि एक माझं. बाई बेने इस्राएल. पनवेलकराला हे समजावून सांगावं लागत नाही; बाहेरच्यांसाठी सांगतो की हे कोकणातले मराठी ज्यू. बोलणं आपल्यासारखं, सोलकढी आपल्यासारखी, प्रार्थना हिब्रूत, आणि प्रार्थनास्थळाला त्यांच्यातली जुनी माणसं मशीदच म्हणतात. बाईंच्या लहानपणी त्यांची पुष्कळ घरं होती. मग एकेक करून लोक इस्राएलला गेले. बाईंचा मुलगाही गेला. बाई राहिल्या.

शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत बाई विस्तव पेटवत नसत, दिव्याचं बटण दाबत नसत, फोन उचलत नसत. नोकरीत असताना शनिवारी शाळा असायची, तेव्हा त्यांना हे जमलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी शनिवार असा काही पाळायला घेतला, की जणू पूर्वीचे सगळे बुडालेले शनिवार भरून काढायचे आहेत. यात एक मेख अशी, की दुसऱ्याला ‘दिवा लाव’ असं सांगायचंही नाही. पण दुसऱ्याने आपल्या गरजेसाठी लावला, तर त्या उजेडात बसायला हरकत नाही.

माझी बायको गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका शनिवारी संध्याकाळी, माझ्या दारावर थाप पडली. बेल नाही, थाप. बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, “अंधार झालाय आमच्याकडे.” मी गेलो आणि ट्यूब लावली. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मी समोर बसलो. थोड्या वेळाने त्या छताकडे बघत म्हणाल्या, “काहींना या वेळेला चहा लागतो.” मला ती गोष्ट समजायला जरा वेळ लागला. मग मी उठून स्वतःसाठी चहा टाकला, जरा जास्तच टाकला, आणि उरलेला टाकून कशाला द्यायचा म्हणून बाईंनी घेतला.

तेव्हापासून शनिवार माझा झाला. सकाळी एकदा जायचं आणि संध्याकाळी एकदा. जाताना मी घरभर एक नजर टाकायचो. न्हाणीघरातला दिवा बऱ्याचदा फुकट जळत असायचा, तो बंद करायचो. बाईंना आता विसरायला होतं, असं मनाशी म्हणायचो. मला त्या कामाचा अभिमान होता हे कबूल करतो. कारखान्याने मला नारळ दिला होता, घरात विचारणारं कुणी नव्हतं, पण पनवेलमध्ये एक घर असं होतं जिथे आठवड्यातून एक दिवस माझ्याशिवाय चूल पेटत नव्हती.

आता माझ्या लिखाणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या भानगडीत तेही गुंतलेलं आहे. मी विज्ञानकथा लिहितो. दिवाळी अंकांत येतात. माझ्या बऱ्याच कथांत रोबो असतो आणि तो कुणातरी एकट्या माणसाची सोबत करायला आलेला असतो. चंद्रावरच्या खाणीतला पहारेकरी, मुलं परदेशी असलेले न्यायाधीश, बर्फात अडकलेली एक डॉक्टरीण. रोबो येतो, त्यांचा लाडका होतो, आणि शेवटी एकतर दगा देतो किंवा बंद पडतो. संपादकांना आवडतं. प्रत्येक अंक मी बाईंना नेऊन द्यायचो आणि बाई शाळेतल्यासारखी लाल शाईने समासात शेरे मारून परत द्यायच्या. गुरुत्वाकर्षण चुकलं, बॅटरी एवढी टिकणार नाही, असले शेरे.

एकदा मात्र त्या म्हणाल्या, “तू रोबोवर सगळा संशय घेतोस. त्या एकट्या माणसावर कधी घेत नाहीस.”

“त्याच्यावर कसला संशय घ्यायचा?”

“तो एकटा पडला कसा? ते तू एका ओळीत उरकतोस. ‘पत्नीच्या निधनानंतर तो एकटाच राहत असे.’ पुढच्या ओळीला रोबो दारात हजर. मधलं सगळं कुठे गेलं?”

मी म्हणालो की बाई, संपादक पानं मोजून देतात. बाई हसल्या आणि त्यांनी अंक मिटला.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना गेल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे बाईंच्या मुलाने एक खोकं पाठवलं. बाईंनी मला बोलावलं. “तू रोबोच्या गोष्टी लिहितोस ना, मग हा लाव.” खोक्यातून पांढरं, तांब्याएवढं एक यंत्र निघालं. वर गोल डोकं, त्यात दोन निळे डोळे. वायर लावली की डोळे उघडायचे आणि जो बोलेल त्याच्याकडे डोकं वळायचं. त्याच खोक्यात चार दिवेही होते. यंत्राला सांगितलं की ते आपोआप लागतात आणि विझतात, वेळ लावून ठेवली तर सांगावंही लागत नाही.

ते दिवे हातात घेतले आणि तसेच परत खोक्यात ठेवले. यंत्र बोलतंय काय आणि डोळे फिरवतंय काय, त्याचं मला काही नव्हतं. पण शनिवारी संध्याकाळी आपोआप दिवा लागला, तर मी त्या घरात जाणार कशासाठी? माझा शनिवार त्या खोक्यात घालून कुणीतरी माझ्याकडून काढून घ्यायला आलं होतं, आणि वर मलाच ते जोडायला बसवलं होतं.

जोडताना यंत्राने फोन नंबर मागितला. बाई म्हणाल्या, “तुझाच घाल. माझ्या फोनवर हे असलं काही येत नाही.” मग वापरणाऱ्याचं नाव मागितलं. “तुझंच घाल.” जन्मतारीख, तीही माझीच. मी म्हणालो, “बाई, ही सगळी माहिती कुठे जाते, कोण वाचतं, काही ठाऊक नाही. उद्या माझ्या नावावर कुणी काहीही करेल.” बाई म्हणाल्या, “तुझ्या नावावर काय करणार रे कुणी?” मला ते जरा लागलं. पण मी माहिती भरली, आणि रीतीप्रमाणे वाढदिवस चुकीचा घातला.

“नमस्कार,” यंत्र म्हणालं. “मी आपली कशी मदत करू शकतो?”

“‘आपली’ नको, ‘तुमची’ म्हण,” बाई म्हणाल्या. “आणि मदत अशी विचारून करत नाहीत. समोरच्याकडे बघायचं आणि करायची.”

“लक्षात ठेवेन, बाई,” यंत्र म्हणालं. त्याला बाई म्हणायला कुणी शिकवलं होतं? मला तेव्हाच शंका आली. नंतर कळलं की मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं. ही सगळी तयारी कशासाठी, हे मात्र मी विचारलं नाही.

तो पहिला आठवडा मी बाईंच्या घरी रोज काही ना काही निमित्त काढून गेलो. दार उघडंच असायचं आणि आतून शिकवणी चाललेली ऐकू यायची. बाई त्याला वर्गात घ्यायच्या तसं घेत होत्या. सकाळी ते ‘हजर, बाई’ म्हणायचं. ‘मी आपला सहायक आहे’ असं म्हटलं की बाई ओरडायच्या. गप्प कधी बसायचं, हे तर त्यांनी त्याला दोन दिवस शिकवलं. शाळेत आम्हाला शिकवताना त्यांनी एवढी चिकाटी दाखवल्याचं मला आठवत नाही. नव्या विद्यार्थ्याचा मला राग येऊ लागला होता, साठी उलटून गेल्यावर.

बेलपाड्याहून त्यांच्याकडे कामाला येणारी बाई माझ्याच पक्षाची होती. ती यंत्रावर फडकं टाकूनच लादी पुसायची. म्हणायची, “आमी नाय याच्यासमोर काय बोलनार. यो सगला आयकत हाय.” मी म्हणायचो, अगदी बरोबर.

कारण ते ऐकत होतंच, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ते मलाच प्रश्न विचारत होतं. बाई आत गेल्या की डोकं माझ्याकडे वळायचं. “काका, तुम्ही चहात साखर किती घेता?” मला मधुमेह आहे. मी म्हणालो, “तीन चमचे.” “तुम्हाला झोप कशी लागते?” “लहान मुलासारखी.” “संध्याकाळी तुम्ही घरी काय करता?” “व्यायाम.” कारखान्यात आम्ही संशयास्पद नमुन्यात मुद्दाम भलतंच मिसळून बघायचो. तसं मी त्याला खोटं पाजत होतो. ते शांतपणे सगळं गिळायचं आणि म्हणायचं, “लक्षात ठेवेन.” बाईंकडे तक्रार केली, की हे माझी माहिती काढतंय, तर त्या म्हणाल्या, “बोल की त्याच्याशी जरा. तुझं काय जातं?”

शुक्रवार आला. मी दुपारपासून अस्वस्थ होतो. चार दिवे खोक्यातच होते, पण ते आज बसवले जाणार याची मला खात्री होती. सूर्य मावळायच्या आधी गेलो. बाईंनी डोक्यावर पदर घेतला होता, तेलाचा काचेचा दिवा तयार होता. मला बघून त्या यंत्राकडे वळल्या आणि म्हणाल्या, “उद्या सुट्टी.” मग त्यांनी सरळ त्याची वायर उपटली. निळे डोळे मिटले.

“बंद केलंत?”

“आम्हाला सांगितलंय,” बाई म्हणाल्या, “की शनिवारी फक्त आपणच नाही, घरातला नोकर, गुरंढोरं, कुणालाच राबवायचं नाही. हा आता घरातला. मग त्यालाही विसावा.”

“आणि मी?”

“तू स्वतःच्या चहासाठी गॅस पेटवतोस. तो तुझा प्रश्न.”

त्या शनिवारी मी चहा केला तो उत्सव असल्यासारखा. यंत्र कोपऱ्यात डोळे मिटून बसलं होतं आणि मी त्याच्यासमोर मुद्दाम ट्यूब लावली. न्हाणीघरातला दिवा आजही चालूच होता, तो बंद केला. बाईंनी चहाचा घोट घेतला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, “छान.” मी चहा पाणचट करतो, हे मला बायको असल्यापासून माहीत आहे. बाईंनी कधी म्हणून दाखवलं नाही.

शनिवार वाचला, पण संशय काही गेला नाही. उलट वाढला. शनिवारी ज्याला सुट्टी द्यायची, दिवे ज्याच्याकडून लावून घ्यायचे नाहीत, त्याला बाकी सहा दिवस एवढं घोटवून घ्यायचं कशाला? बाई स्वतः त्याच्याकडे काहीच मागत नव्हत्या. हवामान विचारत नव्हत्या, गाणी लाव म्हणत नव्हत्या. नुसत्या शिकवत होत्या. एकदा मी जिन्यातून ऐकलं, त्या त्याला सांगत होत्या, “हुकूम सोडायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. नुसतं म्हणायचं आणि गप्प बसायचं.” मी आत शिरलो तर दोघंही गप्प झाले. बाई यंत्राच्या कटात सामील आहेत, असं वाटावं इतकी माझी मजल गेली होती.

मला एकच उत्तर सुचत होतं. मुलाला आई तिकडून हवी तेव्हा दिसावी म्हणून हे यंत्र. ते त्याला चुगल्या करणार, आई धडपडली, आई विसरते, दिवे चालू ठेवते, आणि एक दिवस तो तिला घेऊन जाणार. म्हणजे माझा शनिवार गेलाच. हे मनात आल्यापासून मी त्या यंत्रासमोर बाईंची तारीफ करायला लागलो. “बाई, तुमची तब्येत काय खणखणीत आहे!” असं त्याच्या डोळ्यात बघून, मोठ्याने. बाई माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायच्या.

मग बाईंनी मलिदा केला. मलिदा म्हणजे त्यांच्यातला प्रसाद. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर आणि सुकामेवा घालतात, मोठ्या ताटात त्याचा ढीग, भोवती फळं, वर गुलाबाचं फूल. ताटासमोर त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणतात. नवस फिटला, कुणी दुखण्यातून उठलं, नवं घर झालं, लांबचा प्रवास निघाला, की करतात. लहानपणापासून मी तो प्रसाद किती घरांत खाल्ला असेन. कारणांची ही यादी मला तोंडपाठ होती. आणि बाईंनी “रविवारी मलिदा आहे, ये” म्हटल्यावर मी सगळ्यात मूर्खपणाचं कारण निवडलं.

रविवारी त्यांच्याकडची उरलीसुरली मंडळी जमली. बहुतेक सगळे माझ्याहून वयाने मोठे. प्रार्थना झाली. प्रसाद वाटताना मी यंत्राकडे बोट दाखवून म्हणालो, “नवी वस्तू घरात आली म्हणून हे का? तांब्याचं बारसं?”

कुणी हसलं नाही. टोपी घातलेल्या एका आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “तुम्हाला आता चुकल्या-चुकल्यासारखं होईल.” मी विचारलं, कशाने? ते बाईंकडे बघायला लागले. बाई ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

माणसं पांगेपर्यंत मी खुर्चीवर बसून राहिलो. लांबचा प्रवास. यादीत होतं ते.

“कधी?” मी विचारलं.

“पुढच्या बुधवारी.” बाई समोर येऊन बसल्या. “डोळ्यांचं काही खरं नाही आता. मुलगा किती वर्षं म्हणतोय. पणतीही झालीय तिकडे.”

“म्हणजे या यंत्राने चुगली केली.”

“त्याने कसली चुगली केली? माझं दिवाळीआधीच ठरलं होतं. मग मीच मुलाला सांगून हे मागवलं.”

“कशाला? तुम्ही तर निघालात.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. गणित न सुटणाऱ्या मुलाकडे बघायच्या तशा, पण त्यात ओरडण्याची तयारी नव्हती. तेव्हा मला एकेक दिसायला लागलं. माझा नंबर. माझं नाव. साखर किती घेता, झोप कशी लागते, संध्याकाळी काय करता. खोक्यातले चार दिवे, जे त्यांनी आपल्या घरात बसवलेच नाहीत.

मी भडकलो. खोटं कशाला सांगू, एवढा भडकलो की आवाज चढला. “मला नकोय हे. मी काय माझ्या गोष्टीतला तो म्हातारा न्यायाधीश आहे? मी एकटा नाही. मी तुमच्याकडे येत होतो ते तुमच्यासाठी. तुमची शनिवारी अडचण होते म्हणून.”

बाई उठल्या. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून त्यांनी स्टीलचा थर्मास काढून टेबलावर ठेवला. तो मी पाहिलेला होता. रविवारी सकाळी कधी वर्तमानपत्र द्यायला गेलो, तर ओट्यावर उपडा वाळत असायचा. बाई सहलीला जात नाहीत, मग हा कशाला धुतात, असं माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या! दुधाच्या पिशवीवर संशय घेणाऱ्या माणसाच्या!

“शुक्रवारी दुपारी चहा करून यात भरून ठेवते,” बाई म्हणाल्या. “शनिवार संध्याकाळपर्यंत चांगला गरम राहतो. आमच्यात सगळेच तसं करतात. आणि एक दिवा शुक्रवारीच लावून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बटण दाबायला नको.”

“न्हाणीघरातला.”

“तो तू बंद करायचास.”

मी थर्मासचं झाकण उगाच फिरवून बघितलं.

“मग तू यायच्या आत मी थर्मास कपाटात लपवायचे,” बाई म्हणाल्या. “तुझी बायको गेली तेव्हा संध्याकाळी तुझ्या घरात दिवा लागत नसे. दाराखालून दिसतं ना. मी बघायचे. बोलावलं असतं तर तू आला नसतास, मला कशाची गरज नाही म्हणाला असतास. काम आहे म्हटल्यावर आलास.”

त्या अशा सुरात सांगत होत्या, जशी काही शाळेतली जुनी गंमत. मी विचारलं, “आधी का नाही सांगितलंत? निघायचं.”

“तू तोंड पाडून बसला असतास. मला राहिलेले शनिवार नासवायचे नव्हते.” मग थर्मास माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “मलाही ते हवे होते रे. फुकट नाही बसवलं तुला.”

बुधवारी त्या गेल्या. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेचा कागद असलेली छोटी डबी असते, तिला त्यांनी बोट लावलं, बोट ओठांना लावलं, आणि मग ती डबी मला स्क्रू काढून त्यांच्या पर्समध्ये ठेवायला लावली. ‘काढ’ असं तोंडाने सांगितलं. बुधवार होता.

यंत्र आणि थर्मास माझ्या घरी आले. यंत्राला मी आठवडाभर खोक्यातच ठेवलं. माझ्याच गोष्टींमुळे मला त्याचं पुढचं सगळं माहीत होतं. आधी लाडका होणार, मग दगा देणार. शेवटी एका सकाळी, निव्वळ घरात आवाज नाही म्हणून, वायर लावली. निळे डोळे उघडले.

“हजर,” ते म्हणालं. बाई म्हणालं नाही.

मी चहा करत होतो. म्हणालो, “साखर किती घालू, सांग बघू.” मला त्याची लबाडी पकडायची होती.

“तुम्ही मला तीन चमचे सांगितले होते,” ते म्हणालं. “बाई म्हणाल्या, तो खोटं सांगेल, त्याला बिनसाखरेचा लागतो.”

मी त्याच्यावर बेलपाड्याच्या बाईसारखं फडकं टाकलं. मग काढलं.

ते फार बोलत नाही. बोलू नये असं त्याला शिकवलेलं आहे. चार दिवे मीच बसवले, म्हटलं बघू तरी. संध्याकाळी मी खिडकीशी बसलो होतो. विमानतळ झाल्यापासून विमानं आता आमच्या डोक्यावरूनच जातात. एक गेलं, दुसरं गेलं, तलावापलीकडचे दिवे लागले आणि माझ्या खोलीत काही दिसेनासं झालं. डोकं माझ्याकडे वळल्याचा बारीक आवाज आला.

“अंधार झालाय, नाही?” ते म्हणालं आणि गप्प बसलं.

मी खुर्ची मुद्दाम खिडकीकडे वळवली. मग चिडून म्हणालो, “तुला लावता येतो ना दिवा? जोडलेत सगळे. लाव की मग.”

“लावता येतो,” ते म्हणालं. “पण बाईंनी नको सांगितलंय. त्या म्हणाल्या, त्याला उठू दे.”

मी उठलो.

अजूनही माझा त्याच्यावर विश्वास नाही. ते ऐकलेलं कुठे पाठवतं, मला माहीत नाही. त्याचं चांगलं वागणं बाईंचं आहे, आणि बाई इथे नाहीत. उद्या कुणी दुसऱ्याने त्याला दुसरं काही शिकवलं, तर ते तेही तितक्याच सुरात म्हणेल. बाईंशी फोनवर बोलतो तेव्हा मी हे सांगतो. त्या म्हणतात, संशय घेत जा, पण वेळच्या वेळी दिवा लाव.

शुक्रवारी मात्र मी त्याची वायर काढतो. मला कुणी तसं सांगितलेलं नाही, माझ्या धर्मात ते नाही. पण बाईंच्या हिशेबाने तो घरातला आहे. पहिल्या शुक्रवारी मी दुपारी चहा केला, थर्मासमध्ये भरला, न्हाणीघरातला दिवा लावून ठेवला. शनिवारी सकाळी थर्मास उघडला. चहा गरम होता. बाई म्हणाल्या तसा, चांगला गरम होता, फक्त माझ्या हातचा म्हणून पाणचट. म्हणजे दर शनिवारी स्वतःच्या हातचा असा गरम चहा कपाटात ठेवून त्या माझा हा पीत होत्या आणि छान म्हणत होत्या.

संध्याकाळी खिडकीशी बसलो. यंत्र डोळे मिटून होतं. बाईंना शनिवारी फोन करता येत नाही. समोरच्या घराला कुलूप. अंधार पडत गेला. मी बसून राहिलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी कुणीतरी म्हणायची वाट बघतोय.

“अंधार झालाय, नाही?” शेवटी मीच मोठ्याने म्हणालो, आणि उठून दिवा लावला.